पांढरी शाई नसते!

समजा, वज्रेश्वरीला चित्रपट महोत्सव भरायचाय आणि पोस्टरचं काम तुमच्याकडे आलंय. चित्राला विषय मुबलक आहेत. बावन्न पायऱ्या, वर किल्ल्यासारखं दगडी मंदिर, १७३९ मध्ये वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांच्या नवसाची कथा. तानसेकाठची गरम पाण्याची कुंडं आहेतच. तुम्ही कुंडावरची वाफ निवडता आणि छापखान्यात पोचता. तिथे कळतं, नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत पांढरी शाईच नसते.

सायन, मॅजेंटा, येलो आणि ब्लॅक, एवढ्या चार प्लेटांवर सगळं जग छापायचं. वाफ दाखवायची तर तिथे शाई पडू द्यायची नाही. छापील चित्रातल्या वाफेवर भिंग धरा. कडेला निळसर ठिपके दाट दिसतील, आत सरकावं तसे बारीक होत जातील आणि मध्ये नुसता कोरा कागद असेल. सगळी कारागिरी भोवतालच्या ठिपक्यांची, पण डोळ्याला दिसते ती वाफ!

चित्रपटगृहात नेमका उलटा कारभार चालतो. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा उजेड एकत्र पडला की पांढरं दिसतं, आणि जिथे उजेड पोचत नाही तिथे काळं. कागदावर सगळ्या शाया एकमेकींवर चढल्या की जवळजवळ काळं होतं. सिनेमा अंधारावर उजेड टाकून उमटतो, पोस्टर उजळ कागदावर सावली टाकून. सिनेमाची जाहिरात करणाऱ्याला सिनेमाचं गणित पहिल्याच पायरीवर उलटं मांडावं लागतं.

शिळाछापाच्या काळात तर अक्षरंही उलटी काढत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई खडूला चिकटते, ओल्या दगडाला नाही. खोदकाम काहीच नाही, तेल आणि पाण्याच्या वैरावर छपाई! रंगागणिक दगड वेगळा, आणि एखादा केसभर सरकला तरी चेहऱ्याचे ओठ गालावर जायचे. रविवर्मा प्रेसची चित्रं अशीच छापली जात. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले ते याच छपाईच्या धंद्यातून.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटरही रंगांतूनच आले. आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या मूकपटाचं पोस्टर हे भारतातल्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र चित्रपट-पोस्टरांपैकी मानलं जातं. कथेचा मुलूख वज्रेश्वरीच्या शेजारचाच. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. सुभेदाराच्या सुनेला त्यांनी सन्मानाने परत पाठवल्याची आख्यायिका आपल्याला पाठ आहे. पडद्यावर रंग नव्हता, आवाज नव्हता. रंगीत काय ते बाहेर भिंतीवर. प्रेक्षकाने रंग पोस्टरवर पाहायचे आणि आत जाऊन मनाने चित्रपटात भरायचे.

बाबूरावांच्या हाताशी निदान एक कथा होती. महोत्सवाच्या पोस्टरला नायक नाही, खलनायक नाही. शंभर चित्रपट असतील तर त्यातल्या एकाचं चित्र काढणं म्हणजे नव्याण्णवांवर अन्याय. म्हणून महोत्सव एखादी खूण धरून राहतात: बर्लिनचं अस्वल, व्हेनिसचा सिंह, आपल्या इफ्फीचा मोर. भारताचा हा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि २००४ पासून गोव्यात स्थिरावला. तिथे वर्षावर्षाला चित्रपट बदलतात, देश बदलतात, मोर मात्र तोच. तो कुठल्याच चित्रपटाचा नाही, म्हणून सगळ्यांचा होऊ शकतो.

वज्रेश्वरीच्या पोस्टरवर वाफ का शोभेल, ते इथे उलगडतं. मंदिर काढलं तर ते जत्रेचं पोस्टर वाटेल, चिमाजी अप्पा काढले तर ऐतिहासिक चित्रपटाचं. वाफ गावाची ओळख सांगते आणि तरी तिला स्वतःची गोष्ट नसते. तिच्यात कुणाला घोडेस्वार दिसेल, कुणाला आईचा पदर. तेवढी जागा बघणाऱ्यासाठी सोडली की पोस्टरचं काम झालं. तिकीट तो आपणहून काढतो.