घाशीराम : इतिहासातला आणि रंगमंचावरचा

घाशीराम कोतवाल म्हटले की आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे नाटकातलाच घाशीराम उभा राहतो. प्रत्यक्षातला घाशीराम सावळदास हा उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण. १७७७ मध्ये तो पेशव्यांच्या पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अमलात काही तेलंगी ब्राह्मण एका अरुंद जागेत कोंडले गेले आणि त्यांतले अनेक गुदमरून मेले. शहर खवळले. सरकारने अखेर आपलाच अधिकारी जमावाच्या हवाली केला आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

१८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनी त्याच्या नावाचे पुस्तक लिहिले. पण दंतकथा घडविली ती विजय तेंडुलकरांच्या नाटकाने. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नाना फडणवीस मोहन आगाशे. नाटकात घाशीराम चोरीच्या खोट्या आळाने अपमानित होतो, सूडापायी पोटची पोर नानांना देऊन कोतवाली मिळवितो. हा व्यवहार इतिहास म्हणून कोणी सांगू नये. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे स्वतः तेंडुलकरांनीच बजावले होते. तरी आज लोकांच्या तोंडी आहे ती हीच कथा!

असे का झाले? आमच्या मते, बरेचसे श्रेय त्या माणसांच्या भिंतीचे. खांद्याला खांदा लावून डोलत गाणारी ब्राह्मणांची रांग कधी पडदा होते, कधी वाडा, कधी चवताळलेला जमाव. दशावतार आणि खेळे यांच्या परंपरेतून आलेली ही रीत एकदा पाहिली की कागदावरचे पुणे फिके पडते. शिवाय तेंडुलकरांनी प्रश्नच बदलला. कोतवाल क्रूर होता काय, हे विचारायचे सोडून त्याला त्या गादीवर बसविले कोणी, हे त्यांनी विचारले. कल्पनेच्या या डोलाऱ्याखाली इतिहासाचे एक हाड शाबूत राहिले : सत्तेने आपला माणूस वापरला आणि वेळ येताच टाकला.

हा प्रश्न झोंबला. ब्राह्मणांची व नानांची बदनामी झाली म्हणून गहजब उडाला. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबविले. तरुण कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपात गेले, तेव्हाही विरोध झालाच. नानांच्या नावासाठी माणसे रस्त्यावर आली. दगडांखाली मेलेल्या कोतवालाची बाजू घ्यायला मात्र कोणीही पुढे आले नाही.