लेक नर्सिंगला जायचं म्हणते!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी चकलीचा सोऱ्या परत करायला मी शेजारी गेले. घरात फराळाचा घमघमाट, पण माणसे मात्र गप्प! वहिनी पदराने डोळे टिपत होत्या, बारावीतली लेक खिडकीशी उभी होती आणि तिचे वडील वर्तमानपत्रात डोके घालून बसले होते.

“बाई, बरं झालं आलात. तुम्हीच हिला चार शब्द सांगा,” ते म्हणाले. “मार्क चांगले पडताहेत. डॉक्टरीच्या क्लासची फी भरायची माझी तयारी आहे. आणि ही म्हणते, नर्सिंगला जाणार!”

मी शाळेत विज्ञान शिकवण्यात तीस वर्षे घालवली, म्हणून असल्या प्रसंगी शेजारी मला पंच नेमतात. मी मुलीला कारण विचारले.

“काकू, आजी अठरा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे. बाकीचा सगळा वेळ आजी कुणाच्या हाती होती?”

यावर काय बोलणार? वडिलांची खरी अडचण दुसरीच होती. ती सावकाश बाहेर आली: “रात्रपाळ्या, परक्यांची शुश्रूषा... लोक काय म्हणतील?”

लोकांचे म्हणणे नवे नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हाही लोकांनी नाके मुरडलीच होती. त्याला शतक उलटून गेले. आता तर या शिक्षणाला मुलगेही जातात. तरीही आपल्या दिवाणखान्यात नर्सिंग म्हणजे डॉक्टरी हुकली तर धरायची वाट!

वास्तविक ही चार वर्षांची, आठ सत्रांची विद्यापीठाची पदवी आहे आणि तिचे दार सहजी उघडत नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेत, त्यांत सरासरी पंचेचाळीस टक्के हवेत. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पुरी झालेली असावीत. शिवाय राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते: शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे, संगणकासमोर बसून. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल, प्रत्येकी वीस गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. दिल्लीच्या एम्सची परीक्षा मात्र निराळी. तिथे चुकीला दंड आहे. लष्करी रुग्णसेवेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना ‘नीट’ द्यावी लागते, मग आणखी एक चाचणी, मुलाखत व वैद्यकीय तपासणी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबईच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात अशा चाळीस चाळीस जागा आहेत.

हे सारे ऐकून वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. “म्हणजे यालाही अभ्यास लागतो तर!”

“लागतो. आणि तो मी घेईन,” मी म्हणून बसले.

भाऊबीज झाली आणि आमची शिकवणी सुरू झाली. अकरावीची पुस्तके माळ्यावर गेली होती, ती प्रथम खाली काढली. पुष्कळ मुले बारावीचेच पाठ घोकतात आणि अकरावीच्या भागात अडतात. जीवशास्त्र ती आवडीने वाची. भौतिकशास्त्राचे नाव काढले की तोंड वाकडे करी. तिला म्हटले, “पाचशे मिलीलिटर सलाईन चार तासांत द्यायचं आहे. वीस थेंबांचं एक मिलीलिटर होतं. मिनिटाला थेंब किती?” तिने कागदावर आकडे मांडले: दहा हजार थेंब, दोनशे चाळीस मिनिटे, म्हणजे सुमारे बेचाळीस! त्या दिवसापासून गणिताशी तिचे भांडण मिटले.

परिचर्येचा कल पाठ करता येत नाही. वॉर्डात चारजण एकदम हाका मारताहेत: एकाला पाणी हवे, दुसऱ्याची पट्टी बदलायची, तिसऱ्याचे नातेवाईक बिलाचे विचारताहेत, चौथ्याला श्वास घेणे जड जाते. प्रथम कुणाकडे जाल? असे प्रश्न आम्ही रोज जेवताना सोडवीत असू. गंमत म्हणजे वडीलही उत्तरे देऊ लागले, आणि पहिल्याच दिवशी बिलाकडे धावले!

अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. त्याहून महत्त्वाची ती कागदपत्रे. अधिवास दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाशी निगडित दाखले यांना वेळ लागतो. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलीची जागा केवळ एका कागदावाचून गेली. कॉलेजांचा पसंतीक्रम भरतानाही इमारत पाहून भुलू नये. परिषदेची मान्यता आहे का, विद्यापीठाशी संलग्नता आहे का आणि शिकायला रुग्णांनी भरलेले इस्पितळ जोडलेले आहे का, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. पदवीला जागा न मिळाल्यास तीन वर्षांची पदविका आहे. तीही करून पुढे पदवी घेता येते.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम करायला लावली. अर्ज भरण्यापूर्वी एका आजारी नातेवाइकाजवळ तिला सरकारी इस्पितळात दिवसभर बसवले. फिनेलचा वास, कण्हणे, बेडपॅन, सारे तिने पाहिले. परत आली ती फिकट चेहऱ्याने. दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “काकू, अर्ज भरू या.” हा कौल परीक्षेतल्या वीस गुणांपेक्षा मला मोलाचा वाटला. तो जर उलटा आला असता, तरी मी तितक्याच आनंदाने स्वीकारला असता.

पहिल्या फेरीत तिचे नाव लागले नाही. त्या रात्री वहिनींच्या घरी कुणी जेवले नाही. दुसऱ्या फेरीत लागले, पण रात्रभराच्या प्रवासावरच्या गावी. वडील ट्रंक उचलून स्वतः पोचवायला गेले.

यंदा ती चार दिवसांच्या रजेवर आली आहे. पहिला दिवस तिने झोपून काढला. काल फराळाला आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, “मुलगी काय करते?” मी वडिलांकडे पाहिले. ते ताठ बसून म्हणाले, “नर्सिंगला आहे. दुसऱ्या वर्षाला.” आणि त्या गृहस्थांना लगेच विचारले, “बरं सांगा, वॉर्डात चारजण एकदम हाका मारताहेत. तुम्ही प्रथम कुणाकडे जाल?”