दानजोंग : काकाने पदच्युत केलेला बालराजा

कोरियाच्या चोसन घराण्यातला सहावा राजा दानजोंग 1452 मध्ये गादीवर बसला, तेव्हा त्याला अकरावं वर्ष लागलं होतं. आजोबा म्हणजे कोरियन लिपी घडवणारा थोर राजा सेजोंग. वडील मुनजोंग अवघी दोन वर्षं राज्य करून वारले. आई तर तो जन्मला त्याच वर्षी गेली होती.

त्याचा वारसाहक्क निर्विवाद होता, पण त्याला सांभाळणारं कुणी नव्हतं. राजा अज्ञान असला की राजमातेने किंवा आजीने कारभार पाहावा, अशी सोय असे. इथे आजीही हयात नव्हती. मग सारी सूत्रं किम जोंग-सॉ आणि ह्वांगबो इन या वृद्ध मंत्र्यांच्या हाती गेली. नेमणुकांच्या यादीत ते आपल्या पसंतीच्या नावावर पिवळी खूण करत आणि बालराजा त्याच नावावर शाईचा ठिपका देई. राजघराण्याचा अधिकार मंत्र्यांनी गिळला, ही ओरड करायला सेजोंगचा दुसरा मुलगा सुयांग याला एवढं निमित्त पुरलं.

1453 च्या एका रात्री सुयांग किम जोंग-सॉच्या घरी गेला. त्याने एक पत्र पुढे केलं. म्हातारा मंत्री ते चांदण्यात धरून वाचत असतानाच सुयांगच्या नोकराने त्याच्या डोक्यात लोखंडी सोटा घातला. त्याच रात्री राजाच्या नावाने इतर मंत्र्यांना राजवाड्यावर बोलावून घेतलं आणि विरोधकांना ठार केलं. सुयांगने सख्ख्या भावालाही, अनप्योंगलाही, सोडलं नाही. हद्दपार करून त्याचा जीव घेतला. दोन वर्षांनी, 1455 मध्ये, पुतण्याने ‘स्वेच्छेने’ गादी सोडली. सुयांग राजा झाला, त्याचं नाव सेजो.

पण विद्वानांना हे मान्य नव्हतं. सेजोंगने ज्यांना आपल्या विद्यासभेत वाढवलं होतं, त्या सॉन्ग साम-मुन, बाक पेंग-न्योन प्रभृतींनी 1456 मध्ये दानजोंगला परत आणण्याचा कट रचला. साथीदार किम जिल फितूर झाला. छळ सोसतानाही सॉन्ग साम-मुनने सेजोला ‘महाराज’ म्हणायला नकार दिला, असं सांगतात. कोरियात आजही ‘सहा हुतात्मा मंत्री’ म्हणून त्यांना मान आहे. सेजोने ती विद्यासभाच बंद करून टाकली.

पुढच्या वर्षी दानजोंगचा राजपदाचा मानही काढून घेतला आणि त्याला गांगवॉन प्रांतात योंगवोलजवळच्या चोंग्न्योंगपोला धाडलं. तीन बाजूंनी नदी, पाठीशी उभा कडा. पहारेकऱ्यांची फारशी गरजच नाही. तेवढ्यात दुसरा काका गुमसाँग पुतण्यासाठी उठाव करू पाहत असल्याचं उघडकीला आलं आणि मुलाचं मरण अटळ झालं. 1457 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो गेला. दरबारी बखरीत आत्महत्येची नोंद आहे. पण ती मारणाऱ्यांच्या राजवटीत लिहिलेली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. त्याला मारण्यात आलं, असंच लोकपरंपरा सांगत आली आहे.

प्रेताला हात लावायला कुणी धजावेना. अखेर ओम हुंग-दो नावाच्या स्थानिक अधिकाऱ्याने जिवाची पर्वा न करता ते उचलून डोंगरात पुरलं. दानजोंगची राणी मात्र 1521 पर्यंत जगली, म्हणजे नवऱ्यामागे चौसष्ट वर्षं. दोघांच्या समाध्या आजही वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

सेजो नालायक राजा नव्हता. राज्याच्या कायद्यांची एकत्र संहिता करायचं काम त्यानेच सुरू केलं, प्रशासनाला शिस्त लावली. म्हणून काही अभ्यासक त्याला झुकतं माप देतात. पण चांगला कारभार हा पुतण्याच्या जिवाचा मोबदला होऊ शकत नाही, आणि कोरियन लोकांनीही तो कधी तसा मानला नाही. 1698 मध्ये राजा सुकजोंगने त्या पुतण्याला पुन्हा राजा म्हणून मान्यता दिली. ‘दानजोंग’ हे नाव त्याला मिळालं ते तेव्हा, मृत्यूनंतर 241 वर्षांनी.

योंगवोलची त्याची समाधी 2009 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात, चोसन राजसमाध्यांमध्ये, गणली जाते. तिच्या आवारात त्याच्यासाठी प्राण वेचलेल्या 268 जणांच्या स्मृतिफलकांचं दालन आहे आणि ओम हुंग-दोचं स्मारकही आहे.