झिंक सल्फेट आणि कृष्णाकाठची रानं

झिंक सल्फेट हे जस्ताचे पांढरे, स्फटिकरूप लवण. ते पाण्यात सहज विरघळते आणि त्याचे बहुतेक उपयोग याच गुणावर उभे आहेत. बाजारात त्याची दोन रूपे मिळतात: सात रेणू पाणी धरून ठेवणारे हेप्टाहायड्रेट आणि एकच रेणू धरणारे मोनोहायड्रेट. 1985च्या खत नियंत्रण आदेशानुसार पहिल्यात किमान 21 आणि दुसऱ्यात 33 टक्के जस्त असावे लागते. हेप्टाहायड्रेट 39 अंश सेल्सिअसला पाणी सोडू लागते, म्हणून उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात त्याचे खडे होतात.

कच्चा माल म्हणून लोखंडावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांतील जस्ताची राख चालते. ती सौम्य गंधकाम्लात विरघळवतात. खरे कौशल्य पुढच्या शुद्धीकरणात आहे. आम्लता कमी करून लोह खाली बसवतात. मग द्रावणात जस्ताची भुकटी टाकली की तांबे आणि कॅडमियम धातुरूपात बाहेर पडतात. ही पायरी टाळली तर कॅडमियमसारखा विषारी धातू थेट शेतात जातो. गाळलेले द्रावण आटवून थंड केले की स्फटिक धरतात.

रेयॉनचे धागे, पशुखाद्य, अतिसारात मुलांना देण्याच्या जस्ताच्या गोळ्या यांतही ते वापरले जाते. कराड परिसरात मात्र त्याची ओळख उसामुळे आहे. यशवंतनगरचा सह्याद्री आणि रेठरे बुद्रुकचा कृष्णा या सहकारी कारखान्यांभोवती ऊस आणि त्यामागे खोडवा, असे पीक वर्षानुवर्षे चालते. काळ्या, चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत जस्त असूनही ते मुळांना मिळत नाही. मग उसाच्या पानांवर शिरांलगत फिकट पट्टे उमटतात, कांड्या आखूड राहतात. भाताच्या खैरा रोगामागेही हीच कमतरता असल्याचे यशवंत नेने यांनी पंतनगर येथे 1966 साली दाखवले.

उसाला हेक्टरी 20 किलो, म्हणजे एकरी 8 किलो झिंक सल्फेटची शिफारस आहे. नुसते फेकलेले लवण चुनखडीच्या रानात पुन्हा अडकते. त्यामुळे ते दहापट शेणखतात मिसळून, ओलावा देऊन पाच-सहा दिवस मुरवतात आणि मगच सरीत देतात. शेणखतातील सेंद्रिय आम्ले जस्त धरून ठेवतात. फवारणीच्या अर्धा टक्का द्रावणात चुन्याची निवळी घालतात, नाहीतर पाने करपतात. डीएपीच्या द्रावणात ते कधीच मिसळू नये. फॉस्फेटशी संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो आणि दोन्ही खते वाया जातात.

हाच साका भेसळ ओळखायलाही कामी येतो. दिसायला तसेच असणारे स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट झिंक म्हणून विकले जाते. ग्लासभर पाण्यात डीएपी विरघळवून वरची निवळी घ्यावी आणि तीत नमुन्याचे द्रावण ओतावे. झिंक असेल तर फाटलेल्या दुधासारखा दाट साका धरतो. निव्वळ मॅग्नेशियम सल्फेटचा तसा धरत नाही. प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याने आणखी नेमकी पारख होते. दोन्हींचा पांढरा साका येतो, पण सोडा वाढवला की जस्ताचा विरघळतो आणि मॅग्नेशियमचा तसाच राहतो.