‘गूगलने लॉगिन करा’ या बटणामागे काय घडतं? दाबणाऱ्याने आणि वेबसाइट बनवणाऱ्यानेही समजून घ्यावं असं काही

पनवेल : नोकरीचा अर्ज असो, बियाणं-अवजारांची ऑनलाइन खरेदी असो, नाहीतर पोरांच्या अभ्यासाचं अ‍ॅप असो. आज कुठेही नाव नोंदवायला गेलं की पहिल्याच पानावर एक बटण दिसतं, ‘गूगलने सुरू ठेवा’ किंवा ‘फेसबुकने लॉगिन करा’. नवा पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट नाही, एकदा बोट टेकवलं की काम झालं. म्हणून बहुतेक जण पुढचं काही न वाचता बटण दाबतात. यालाच सोशल लॉगिन म्हणतात.

विमानतळामुळे पनवेल तालुक्यात कामाच्या शोधात ऑनलाइन अर्ज भरणारी पोरं वाढली आहेत. दुसरीकडे बचत गट, शेतकरी गट आणि छोटे दुकानदार स्वतःची वेबसाइट करून घ्यायला लागले आहेत. म्हणजे हे बटण दाबणारेही आपलेच आणि बसवणारेही आपलेच. दोघांच्याही कामाची माहिती इथे दिली आहे.

चावी नाही, ओळखीची चिठ्ठी

पहिला गैरसमज असा की गूगलने लॉगिन केलं म्हणजे आपला जीमेलचा पासवर्ड त्या वेबसाइटला मिळाला. तसं नसतं.

समजा, परगावच्या एका दुकानदाराकडे उधारीवर खत घ्यायचं आहे. तो तुम्हाला ओळखत नाही, पण तुमच्या गावच्या पोलीस पाटलांना ओळखतो. तुम्ही पाटलांकडे जाता, पाटील तुम्हाला ओळखून चिठ्ठी देतात, ‘हा माणूस आमच्या गावचा, नाव अमुक’. दुकानदार चिठ्ठी बघून खातं उघडतो. यात तुमच्या घराची चावी ना पाटलांनी मागितली, ना दुकानदाराला मिळाली.

सोशल लॉगिनमध्ये गूगल म्हणजे पाटील आणि वेबसाइट म्हणजे दुकानदार. बटण दाबलं की वेबसाइट तुम्हाला गूगलच्या पानावर पाठवते. पासवर्ड टाकायचा तो गूगलच्याच पानावर. गूगल तुम्हाला ओळखतं, विचारतं, ‘या वेबसाइटला तुमचं नाव आणि ईमेल द्यायचं का?’ तुम्ही हो म्हटलं की वेबसाइटला एक डिजिटल चिठ्ठी जाते. तिला टोकन म्हणतात. ही पद्धत ज्या नियमांवर चालते त्यांचं नाव ओऑथ. त्यांची दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये आली. लॉगिनसाठी त्यावर बांधलेली ओपनआयडी कनेक्ट ही पद्धत २०१४ मध्ये आली.

चिठ्ठीत काय लिहून द्यायचं, धोका त्यात आहे

पाटलांनी चिठ्ठीत फक्त नाव-गाव लिहिलं तर हरकत नाही. पण दुकानदाराने ‘याच्या सगळ्या भावकीची नावं पण लिहून द्या’ म्हटलं तर? इंटरनेटवर हे खरोखर घडलं आहे.

काही वर्षांपूर्वी फेसबुकवर स्वभाव ओळखण्याची एक प्रश्नमंजुषा फिरत होती. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी फेसबुकने लॉगिन करून ती सोडवली. त्या काळच्या नियमांमुळे त्या अ‍ॅपला सोडवणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती उचलता येत होती. ती माहिती पुढे केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. २०१८ मध्ये प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा जगभरातल्या ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंतची माहिती गेली असावी, असं फेसबुकने सांगितलं. भारतात ते अ‍ॅप घेणारे होते फक्त ३३५ जण, पण त्यांच्यामुळे ५ लाख ६२ हजारांवर भारतीयांची माहिती जाण्याची शक्यता निर्माण झाली. पासवर्ड कुणाचाच चोरला नव्हता. अ‍ॅप घेणाऱ्यांनी स्वतःच ‘हो’ म्हटलं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा धक्का बसला. फेसबुकमधल्या एका त्रुटीतून चोरट्यांनी या डिजिटल चिठ्ठ्याच पळवल्या. सुमारे ३ कोटी खात्यांच्या चिठ्ठ्या चोरीला गेल्याचं कंपनीने पुढे सांगितलं. चिठ्ठी हातात असली की पासवर्डशिवाय खात्यात शिरता येतं. एकाच खात्यावर दहा ठिकाणची लॉगिन अवलंबून असतील तर ते एक खातं जपणं किती गरजेचं आहे, हे यातून दिसतं.

गावाकडचा खरा घोटाळा : खातं कुणाचं?

शहरातल्या माहितीपत्रकात हा मुद्दा सापडणार नाही, पण गावात तोच सगळ्यात मोठा आहे. नवीन मोबाइल घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने पटकन जीमेल खातं काढून दिलं. पासवर्ड त्यानेच ठरवला. आता तो कुणालाच आठवत नाही. घरात फोन एक, वापरणारे चार. आईचा बचत गट, बाबांचं शेतीचं अ‍ॅप आणि पोराचा नोकरीचा अर्ज, सगळं त्याच एका खात्यावर.

मग फोन पडतो, बिघडतो. दुकानात रिसेट मारला की फोन जुनं गूगल खातं मागतो. पासवर्ड नाही, परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर कधीच बंद पडलेला. एका फटक्यात त्या खात्याने उघडलेल्या सगळ्या वेबसाइटची दारं बंद. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते, म्हणजे खातं परक्याच्या हाती जायचा धोका वेगळाच. शिवाय दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.

म्हणून सोशल लॉगिन वापरण्याआधी तीन गोष्टी आजच करा :

१) फोनमधलं गूगल खातं कोणत्या नावाने आहे ते बघा, पासवर्ड बदलून स्वतःचा करा आणि वहीत लिहून घरात सुरक्षित ठेवा.

२) खातं परत मिळवण्याचा नंबर चालू आणि आपलाच आहे ना ते तपासा. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात हे दिसतं.

३) घरातल्या कमावत्या किंवा शिकत्या माणसाचं खातं वेगळं काढा. एका फोनमध्ये एकापेक्षा जास्त खाती ठेवता येतात. लॉगिनच्या वेळी योग्य खातं निवडलं की झालं.

बटण दाबताना काय बघायचं

पासवर्ड मागणारं पान खरोखर गूगलचं आहे का, हे वरच्या पत्त्याच्या पट्टीत बघा. तिथे ‘अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम’ असायला हवं. हुबेहूब दिसणारं बनावट पान करून पासवर्ड काढून घेणं ही चोरट्यांची जुनी युक्ती आहे.

मग परवानगीचं पान वाचा. नाव, ईमेल आणि फोटो एवढंच मागितलं तर ते नेहमीचं. पण नोकरीच्या अर्जाची वेबसाइट तुमचे ईमेल वाचायची, ड्राइव्हमधल्या फाइल बघायची किंवा संपर्क यादी घ्यायची परवानगी मागत असेल तर मागे फिरा. ‘गूगलने हे अ‍ॅप तपासलेलं नाही’ असा इशारा आला तर तिथेच थांबा.

सातबारा, दाखले, योजना अशा सरकारी कामात आधी वेबसाइटचा पत्ता बघा. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असतं. एक खातं आणि अनेक सेवा अशी सोय सरकारनेही केली आहे. ‘मेरी पहचान’ नावाची ही सेवा जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यात डिजिलॉकर, जन परिचय किंवा ई-प्रमाण यांपैकी एका ओळखीने जोडलेल्या सरकारी सेवांमध्ये जाता येतं. तत्त्व तेच, फक्त पाटलांच्या जागी सरकार.

वेबसाइट करून घेणाऱ्यांसाठी

समजा, नेरे भागातल्या एखाद्या बचत गटाने पापड, तांदूळ आणि लोणच्याच्या ऑर्डर घ्यायला वेबसाइट करायला दिली. करणारा म्हणतो, ‘गूगल लॉगिन टाकून देतो’. त्याच्या सोयीचं आहे, कारण ओटीपीच्या प्रत्येक एसएमएसला पैसे लागतात आणि व्यावसायिक एसएमएससाठी वेगळी नोंदणी करावी लागते. गूगलचं साधं लॉगिन फुकट आहे. पण गटाने पुढच्या गोष्टी त्याच्याकडून करून घ्याव्यात.

नोंदणी गटाच्या नावाने हवी. हे बटण बसवायला गूगलकडे वेबसाइटची नोंद करावी लागते. त्यातून एक ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली मिळते. ही नोंद करणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर केली आणि उद्या तो काम सोडून गेला तर गटाची वेबसाइट अडकते. गुप्त किल्ली सर्व्हरवरच ठेवायची, वेबसाइटच्या उघड्या कोडमध्ये कधीच नाही.

परतीचा पत्ता अचूक हवा. चिठ्ठी कुठे पाठवायची तो पत्ता आधी गूगलला सांगावा लागतो. त्यात एका अक्षराचा किंवा तिरप्या रेघेचा फरक पडला तरी लॉगिन होत नाही. चिठ्ठी भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणूनच हा कडकपणा आहे.

चाचणीतून बाहेर काढा. नवीन नोंद आधी चाचणीच्या अवस्थेत असते, त्यात जास्तीत जास्त १०० ठरावीक लोकांनाच जोडता येतं. ती सर्वांसाठी खुली केली नाही तर ‘आमच्या मोबाइलवर चालतं, गिऱ्हाइकाच्या चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

गरजेपुरतंच मागा. नाव आणि ईमेल पुरे. गूगल लॉगिनमधून मोबाइल नंबर आपोआप मिळत नाही, तो आणि गावाचं नाव पहिल्या ऑर्डरच्या वेळी वेगळं विचारा.

एका माणसाची दोन खाती होऊ देऊ नका. गिऱ्हाईक आज गूगलने आलं, उद्या मोबाइल नंबरने आलं की जुनी ऑर्डर दिसत नाही आणि भांडण होतं. गूगल प्रत्येकासाठी एक कायमचा क्रमांक पाठवतं. खातं त्याच्याशी बांधायचं, नुसत्या ईमेलशी नाही. दोन खाती जोडायची तर ओटीपीने खात्री करूनच.

दुसरा रस्ता ठेवाच. ज्या आजीबाईंकडे जीमेलच नाही, त्यांनी ऑर्डर द्यायची कशी? मोबाइल ओटीपी किंवा फोनवरून ऑर्डर, काहीतरी हवंच. तसंच फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या आत उघडलेल्या पानावर गूगल लॉगिन अडतं. तिथे ‘ही लिंक क्रोममध्ये उघडा’ असं मराठीत स्पष्ट लिहून ठेवा.

रंगरूप बदलायचं तर जपून. बटणाचा आकार आणि त्यावरचं वाक्य ठरलेल्या पर्यायांतून निवडता येतं, भाषाही ठरवता येते. पण गूगलच्या चिन्हाचे रंग बदलायला परवानगी नाही. लोकही त्या ओळखीच्या चिन्हावरच विश्वास ठेवतात.

कायदा काय म्हणतो

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यानुसार माहिती घेताना ती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगावं लागेल आणि ती सूचना मराठीतही वाचायची सोय द्यावी लागेल. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागेल.

दिलेली परवानगी परत कशी घ्यायची

फोनच्या सेटिंगमध्ये गूगल खातं उघडा, सुरक्षा विभागात जा आणि जोडलेल्या बाहेरच्या अ‍ॅप व सेवांची यादी बघा. आपण कुठे कुठे चिठ्ठी दिली आहे ते सगळं तिथे दिसतं. नको ते काढून टाका. फेसबुकवर सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप्स आणि वेबसाइट्स’ या नावाखाली तशीच यादी आहे.

एक लक्षात ठेवा, जोडणी तोडली म्हणजे आधी गेलेली माहिती परत येत नाही. ती पुसायची तर त्या वेबसाइटवर जाऊन आपलं खातं बंद करायला सांगावं लागतं. म्हणून आधी तिथलं खातं बंद करा आणि मगच जोडणी तोडा. उलट केलं तर आत शिरायला पुन्हा परवानगी द्यावी लागते.

खात्यात कुणी शिरल्याचा संशय आला तर आधी पासवर्ड बदला आणि अनोळखी फोनवरून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वर तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे बँकेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.