बिनतारी हेडफोन आणि आवाजाची काटकसर

घरात चांगला हेडफोन आहे, पण त्याची पिन घालायला नव्या मोबाइलला भोकच नाही, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. २०१६ साली ॲपल कंपनीने आयफोन ७ मधून ते साडेतीन मिलिमीटरचे छिद्र काढून टाकले आणि पुढे अनेक कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. मग जुना हेडफोन टाकून द्यायचा का? तसे करण्याचे कारण नाही. बाजारात काडेपेटीएवढी एक डबी मिळते. ती खिशाला अडकवायची आणि हेडफोनची पिन तिच्यात घालायची. मोबाइलमधले गाणे ब्लूटूथने त्या डबीपर्यंत येते आणि तिथून तारेने कानात जाते. हिला ब्लूटूथ रिसीव्हर म्हणतात.

या डबीच्या खोक्यावर मात्र एसबीसी, एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक अशी मंत्राक्षरे छापलेली असतात. जितकी अक्षरे जास्त, तितकी किंमतही बहुधा जास्त! ही अक्षरे म्हणजे काय आणि त्यांच्यासाठी जादा पैसे मोजावेत का, हे आपण कागद-पेन्सिल घेऊन ठरवू या.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील झपाट्याने होणारा चढउतार. मोबाइलमध्ये तो आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यासाठी ठरलेले प्रमाण आजही सर्रास वापरले जाते. त्यात सेकंदाला ४४,१०० वेळा दाब मोजतात. इतक्या वेळा कशासाठी? माणसाच्या कानाला सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. (वय वाढते तशी वरची मर्यादा खाली सरकते. या बाबतीत तुमचे कान आजोबांच्या कानांपेक्षा सरस आहेत.) कोणतेही कंपन नीट पकडायचे तर एका कंपनाच्या अवधीत दोनपेक्षा अधिक मोजमापे हवीत. म्हणजे २०,००० हर्ट्झसाठी ४०,००० हून अधिक झाली. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात. बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक. असे १६ अंक घेतले की २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळ्या पायऱ्या दाखवता येतात. शिवाय डाव्या आणि उजव्या कानाचा हिशोब वेगळा. आता गुणाकार करा: ४४,१०० × १६ × २ = १४,११,२००. एका सेकंदाच्या गाण्यासाठी चौदा लाखांहून अधिक बिट!

हा माल ज्या वाटेने न्यायचा ती वाट कशी आहे?

ब्लूटूथ म्हणजे थोड्या अंतरापुरता रेडिओच. १९९४ साली स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत त्याचे काम सुरू झाले. त्याचे नाव मात्र दहाव्या शतकातील हाराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून पडले. २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात त्याच्या ७९ मार्गिका आहेत आणि मोबाइल व डबी दोघेही ठरल्या क्रमाने सेकंदाला १,६०० वेळा मार्गिका बदलतात. एवढ्या उड्या मारायचे कारण काय? तर हा पट्टा सर्वांना खुला आहे. घरचे वायफाय इथेच बोलते आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हनही इथेच गोंगाट करतो. त्यात भर म्हणजे पाणी या लहरी शोषून घेते आणि आपले शरीर तर पुष्कळसे पाणीच. मोबाइल मागच्या खिशात आणि डबी छातीवर, अशा वेळी गाणे अडखळते ते यामुळे.

या वाटेने सेकंदाला दहा लाख बिट धावू शकत. २००४ सालच्या सुधारणेनंतर तो आकडा तीस लाखांपर्यंत गेला. मग चौदा लाखांना काय अडचण? थोडे थांबा. प्रत्येक पुडक्यावर पत्ता हवा, ते नीट पोहोचले की नाही याची तपासणी हवी, पोच हवी. हे सारे वजा जाता उत्तमोत्तम परिस्थितीतही सुमारे एकवीस लाखच उरतात आणि अनेक उपकरणांना तेवढाही वेग झेपत नाही. शिवाय हरवलेले पुडके पुन्हा पाठवावे लागते. छायाचित्र दोन सेकंद उशिरा आले तर बिघडत नाही, पण गाणे कडव्याच्या मध्येच थांबून कसे चालेल? म्हणून वाट जेवढी रुंद असेल तिच्या बऱ्याच कमी भागातच आवाज बसवावा लागतो.

यासाठी मोबाइलमध्ये आवाजाची घडी घालायची आणि डबीत ती उलगडायची. या घडी घालण्याच्या आणि उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. खोक्यावरची मंत्राक्षरे म्हणजे निरनिराळे कोडेक.

पण चौदा लाखांचे तीन-साडेतीन लाख करायचे म्हणजे काहीतरी गमवावे लागणारच. काय गमवावे? इथे खरी गंमत आहे आणि तिचे मूळ यंत्रात नसून तुमच्या कानात आहे.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाजवळ उभे राहा. शेजारचा माणूस खालच्या आवाजात काही बोलला तर ऐकू येत नाही. झांजांचा किणकिणाट मात्र त्या दणदणाटातही स्वच्छ ऐकू येतो. असे का? मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, पण सर्वच आवाजांना सारखाच झाकत नाही. आपल्या जवळपासच्या वारंवारतेचे आवाज तो अधिक झाकतो, दूरच्या वारंवारतेचे कमी. आपल्या कानात जणू शेजारी शेजारी अनेक कप्पे आहेत आणि एका कप्प्यातला मोठा आवाज त्याच कप्प्यातल्या लहानग्याला दडपतो. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ट झ्विकर यांनी १९६१ साली असे २४ कप्पे मांडून दाखवले. खालच्या सुरांकडचे कप्पे फक्त १०० हर्ट्झ रुंद असतात, तर वरच्या सुरांकडचे हजारो हर्ट्झ रुंद.

आता मोजमापाकडे या. पूर्वी सोनार सोने गुंजेत मोजत असे, वखारवाला लाकूडफाटा मणात. लाकूड मोजताना चार गुंजा इकडेतिकडे झाल्या तर कोणाचे काय बिघडते? कोडेकही हेच करतो. तो आवाजाचे वारंवारतेप्रमाणे भाग पाडतो. ज्या भागात मोठा आवाज चालू आहे तिथे मोजमापात थोडी चूक झाली तरी तो आवाजच ती चूक झाकून टाकतो. ज्या भागात आवाज जवळजवळ नाहीच, त्याच्यासाठी बिट खर्चच करायचे नाहीत. मोजमापातील चूक कानाला खरखरीसारखी ऐकू येते. चांगला कोडेक ही खरखर नाहीशी करत नाही. तुमच्या कानाला ती सापडणार नाही अशा जागी तो तिला लपवतो!

एसबीसी हा यातला सर्वांत साधा. गाणी ऐकवणाऱ्या प्रत्येक नेहमीच्या ब्लूटूथ उपकरणात तो असलाच पाहिजे असा २००३ सालापासूनचा नियम आहे. तो आवाजाचे बहुधा आठ समान भाग पाडतो. २२,०५० ला ८ ने भागा: प्रत्येक भाग सुमारे २,७५६ हर्ट्झ रुंद झाला. गाणाऱ्याचे सूर आणि हार्मोनियमची जवळजवळ सारी पट्टी पहिल्या एकाच भागात कोंबली गेली. कानाचे कप्पे तिथे १०० हर्ट्झचे आहेत हे आठवा. चाळणी फार जाड आहे, होय ना? पण जाड चाळणीने काम झटपट होते आणि विजेरीही कमी खर्ची पडते. सेकंदाला ३,२८,००० बिट मिळाले की एसबीसी बरेच चांगले काम करतो. काही उपकरणे मात्र त्याहून कमी बिटांवर त्याला राबवतात आणि मग झांजांचा आवाज वाळू चाळल्यासारखा येतो. एसबीसीचे नाव खराब झाले ते मुख्यतः यामुळे, असे मला वाटते.

एएसीची चाळणी फारच बारीक. तो आवाजाचे १,०२४ भाग पाडतो, म्हणजे एकेक भाग जेमतेम साडेएकवीस हर्ट्झचा. त्यामुळे खरखर लपवण्याचे काम तो नेमके करू शकतो. मात्र असे बारीक भाग पाडायला आवाजाचा लांब तुकडा हाताशी लागतो, म्हणून उशीर होतो आणि गणितही जास्त करावे लागते.

ॲप्टएक्सची तऱ्हा निराळी. त्याचा उगम १९८० नंतरच्या दशकात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधनात आहे. तो भाग चारच पाडतो, पण पुढचे मोजमाप काय येईल याचा आधी अंदाज बांधतो आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा पाठवतो. आजाऱ्याचा ताप सांगताना आपण ‘कालच्यापेक्षा अर्ध्याने उतरला’ असे सांगतो, तसेच हे. फरक लहान असतो, म्हणून तो थोड्या बिटांत मावतो. असे करून तो आवाज बरोबर एक चतुर्थांश करतो.

सोनी कंपनीचा २०१५ सालचा एलडॅक सढळ हाताचा. तो सेकंदाला ९,९०,००० बिटांपर्यंत घेतो. गर्दी झाली की ६,६०,००० वर आणि पुढे ३,३०,००० वर उतरतो. खोक्यावर पहिला आकडा ठळक छापतात. गर्दीच्या लोकलमध्ये तिसरा आकडा वाट्याला आला, तर निदान बिटांच्या हिशोबात तो एसबीसीच्याच पंक्तीला येऊन बसतो. २०२० साली एलसी३ हा नवा कोडेक जाहीर झाला. कमी बिटांत चांगला आवाज देण्यासाठी तो बनवलेला आहे, पण त्यासाठी मोबाइल आणि डबी दोन्ही नव्या पद्धतीच्या हव्यात.

‘दोन्ही’ हा शब्द नीट लक्षात घ्या. जोडणी होताना मोबाइल आणि डबी आपल्याला कोणकोणते कोडेक येतात ते एकमेकांना सांगतात आणि दोघांनाही येणारा एक निवडतात. आयफोनला एलडॅक किंवा ॲप्टएक्स येत नाही. त्याच्याशी महागडी एलडॅक डबी जोडली, तर ती बहुधा एएसीच बोलेल. म्हणजे जादा पैसे वाया! अनेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नावाच्या यादीत चालू कोडेकचे नाव दिसते. डबी घेण्यापूर्वी ही यादी जरूर उघडून पाहा.

आणखी एक गोष्ट. इंटरनेटवरून येणारे गाणे बहुतेक वेळा आधीच एकदा घडी घातलेले असते. मोबाइल ते उलगडतो, त्यात संदेश आल्याची टिंग मिसळतो आणि पुन्हा नव्याने घडी घालून पाठवतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा हा प्रकार. मूळ प्रतच पुसट असेल तर एलडॅक तरी काय करणार? शिवाय डबीत आकड्यांचे पुन्हा विजेच्या चढउतारात रूपांतर करणारा भाग आणि तो चढउतार वाढवणारा छोटा वर्धक असतो. हे दोन भाग हलके असले तर गाणे थांबल्यावरही कानात ‘सूं’ ऐकू येते आणि ३०० ओहमसारखा जास्त रोध असलेला मोठा हेडफोन पुरेसा वाजतच नाही. या दोषांचा कोडेकशी काहीही संबंध नसतो, पण खोक्यावर यांच्याबद्दल सहसा अवाक्षर नसते.

उशिराबद्दलही थोडे सांगायला हवे. घडी घालणे, साठवणे, उलगडणे यांत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे तुम्ही जणू ६८ मीटर दूर उभे राहून ऐकत आहात. मैदानाच्या कडेला बसले की बॅट आधी फिरलेली दिसते आणि टोला मागाहून ऐकू येतो, तसेच हे. सिनेमा दाखवताना मोबाइल चित्रही तेवढेच मागे ठेवतो, म्हणून कळत नाही. खेळताना किंवा पडद्यावरची पेटी वाजवताना मात्र हा उशीर लगेच जाणवतो.

आता एक प्रयोग. ‘मला फरक स्पष्ट कळतो’ असे म्हणणारा मित्र तुम्हाला भेटेलच. त्याला पाठमोरा बसवा. चांगल्या प्रतीचे एकच गाणे घ्या आणि नाणे उडवून छाप आल्यास एसबीसी, काटा आल्यास दुसरा कोडेक लावा. आवाज दोन्ही वेळा सारखाच मोठा हवा, कारण जरासा मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो. कोडेक बदलताना गाणे क्षणभर तुटते, म्हणून प्रत्येक वेळी, न बदलतानासुद्धा, गाणे थांबवून पुन्हा सुरू करा. असे दहा वेळा करा. दहापैकी सात उत्तरे बरोबर आली तर टाळ्या वाजवू नका! दहा वेळच्या उत्तरांचे एकंदर १,०२४ प्रकार संभवतात आणि त्यांपैकी १७६ प्रकारांत सात किंवा अधिक उत्तरे नुसत्या अंदाजानेच बरोबर येतात. नऊ किंवा दहा बरोबर येण्याचे प्रकार मात्र अवघे ११. तेवढी आली तर मित्राचे कान खरेच तयार आहेत असे समजा. मग जागा बदलून तुम्ही पाठमोरे बसा.

दुसरा प्रयोग याहून सोपा. डबीला माइक असेल तर गाणे ऐकताना तिच्यावरून कोणाला तरी फोन लावा, नाहीतर ऑनलाइन वर्ग सुरू करा. पलीकडच्याचा आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा वाटेल. बोलणे दोन्ही दिशांनी न्यायचे असले की नेहमीचे ब्लूटूथ गाण्यांसाठीचे कोडेक बाजूला ठेवते आणि बहुधा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० मोजमापे घेणारी टेलिफोनची रीत वापरते. ८,००० मोजमापांत ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच मावत नाही. म्हणून ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरकसुद्धा कळेनासा होतो. वर्गात शिक्षकांचे बोलणे अस्पष्ट येत असेल, तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन डबीचा माइक बंद करा आणि मोबाइलचाच माइक वापरा. सर्वच मोबाइलना हे जमत नाही, पण जिथे जमते तिथे आवाज त्याच क्षणी मोकळा होतो.