विदर्भातील उन्हाळी सरबते

विदर्भातील उन्हाळी सरबते ही नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात घरोघरी केली जाणारी मद्यविरहित पेये होत. कैरीचे पन्हे, बेलाचे सरबत, अंबाडीचे सरबत, संत्र्याचे सरबत आणि ज्वारीची आंबील ही त्यांतील प्रमुख होत. स्थानिक फळे व धान्ये, गूळ आणि माठातले पाणी एवढ्यावर ती तयार होत असल्याने खर्च अल्प येतो. अलीकडे याच पेयांपासून घरगुती मॉकटेलही केली जातात.

नाव

‘सरबत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ या शब्दापासून बनला आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात उकडलेल्या कैरीचा गर कुस्करून त्यात साखर, थंड पाणी, कापूर व मिरी घालण्याची कृती आढळते. आजच्या पन्ह्यात कापूर व मिरीऐवजी वेलदोडा, केशर किंवा भाजलेले जिरे घालतात.

पार्श्वभूमी

नागपूरचा उन्हाळा कोरडा व प्रखर असतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. घामावाटे पाण्याबरोबर मीठही शरीराबाहेर जाते. नुसते पाणी पिऊन ते भरून निघत नाही. पन्हे व आंबील यांत मीठ घालण्याच्या प्रथेमागील कारण यावरून ध्यानात येते.

या पेयांना सणावारांतही स्थान आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि कैरी घातलेली वाटली डाळ देतात. विदर्भात भाद्रपदातील महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असते.

प्रमुख पेये

कैरीचे पन्हे : कैऱ्या उकडून किंवा निखाऱ्यावर भाजून गर काढतात. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला किंचित धुरकट चव येते. एक वाटी गराला कैरीच्या आंबटपणानुसार दीड ते दोन वाट्या गूळ, चवीपुरते मीठ व वेलदोडा लागतो. पिताना एक भाग गरात तीन ते चार भाग पाणी मिसळतात. वाऱ्याने गळून पडलेल्या कैऱ्या बाजारात स्वस्त मिळतात. त्या पन्ह्यास चालतात.

बेलाचे सरबत : पिकलेले बेलफळ फोडून गर पाण्यात तासभर भिजवतात आणि हातानेच कुस्करून गाळतात. मिक्सरमध्ये बिया वाटल्या गेल्यास सरबत कडवट होते.

अंबाडीचे सरबत : अंबाडीची लाल बोंडे हिवाळ्यात वाळवून ठेवतात. ती उकळून गाळलेल्या पाण्यात साखर घातली की गडद लाल, आंबटगोड पाक तयार होतो. त्यात कृत्रिम रंगाची आवश्यकता नसते.

संत्र्याचे सरबत : नागपुरी संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तर मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या आरंभी मृग बहाराची फळे हाती असतात. या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू होऊ लागतो. बिया व पांढऱ्या सालीतील लिमोनिन हे द्रव्य त्यास कारणीभूत असते. उष्णतेने हा कडूपणा लवकर येतो. म्हणून बिया न चिरडता रस हलक्या हाताने काढावा, तो उकळू नये व ताजाच वापरावा.

आंबील : ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवून आंबवतात, सकाळी पाणी घालून शिजवतात आणि मीठ, जिरे व लसूण घालतात. ही इतर पेयांहून दाट असून तिने भूकही भागते.

घरगुती मॉकटेल

मॉकटेल म्हणजे मद्य न घालता केलेले मिश्रपेय. विकतच्या सिरपऐवजी वरील गर व पाक वापरल्यास त्याचा खर्च पुष्कळ कमी होतो. पन्ह्याच्या गरात पुदिना चुरडून सोडा घालणे, संत्र्याच्या रसात आल्याचा रस व काळे मीठ मिसळणे, लिंबाच्या सरबतात भिजवलेला सब्जा घालणे हे सोपे प्रकार होत. दुरंगी पेयासाठी पेल्यात प्रथम अंबाडीचा साखरेचा पाक ओतून त्यावर बर्फ ठेवतात आणि चमच्याच्या पाठीवरून संत्र्याचा रस हळूहळू सोडतात. साखरेमुळे पाक जड असल्याने तो तळाशी राहतो व दोन रंग वेगळे दिसतात. सोडा नेहमी शेवटी घालावा. फार ढवळल्यास त्यातील वायू निघून जातो.

दक्षता

बाजारातील सर्वच बर्फ खाण्यायोग्य नसतो. तो पिण्याच्या पाण्यापासून घरी केलेला बरा. माठाच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी बाष्पीभवनाने आतील पाणी थंड करते, त्यामुळे बर्फाची गरजही कमी भासते. मधुमेही व्यक्तींनी गूळ निर्धोक समजू नये. साखरेप्रमाणे तोही रक्तातील साखर वाढवतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे.

ही पेये जलसंजीवनीला पर्याय नव्हेत. जुलाबामुळे शरीरातील पाणी कमी झाल्यास जलसंजीवनीच द्यावी. ती घरी करताना एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ असे प्रमाण काटेकोरपणे पाळावे लागते. उष्माघातात शरीर तापते व रुग्ण असंबद्ध बोलू लागतो किंवा बेशुद्ध होतो. अशा वेळी पन्हे वा कांद्याचा रस पाजण्यात वेळ दवडू नये. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात ओतलेले पेय श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णाला सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.